सागरी अभयारण्याच्या रक्षणार्थ ड्रोन

मालवण येथे सिंधुदुर्ग किल्ला व पद्मगड यांच्या सभोवतालचे समुद्रक्षेत्र १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाले. त्याचे क्षेत्रफळ २९.१२ चौरस किलोमीटर आहे. येथील खडकांवर प्रवाळ वाढते व त्याच्या आश्रयाने माशांची पिल्ले पोसली जातात. रानास कुंपण घालता येते. पाण्यावर हद्दीची खूण दिसत नाही, आणि गस्तीनौकेस एकाच वेळी सर्वत्र असता येत नाही.

ह्याच अडचणीवर उपाय म्हणून राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाने जानेवारी २०२५ मध्ये किनारपट्टीवर ड्रोनद्वारे टेहळणी सुरू केली. ड्रोन म्हणजे वैमानिकावाचून उडणारे छोटे विमान होय. त्याच्या कॅमेऱ्याने टिपलेल्या चित्राबरोबर वेळ व अक्षांश-रेखांश यांची नोंद होते. नौका राज्याच्या बारा सागरी मैलांच्या हद्दीत होती किंवा नाही, हा वाद केवळ तोंडी साक्षीवर सोडविणे कठीण असते. नौकेचा नोंदणी क्रमांक चित्रात स्पष्ट आल्यास तिचा मालकही शोधता येतो.

एलईडी दिव्यांच्या साहाय्याने होणाऱ्या मासेमारीवर केंद्र शासनाने २०१७ साली बंदी घातली. झगझगीत प्रकाशाकडे मासळीचे थवे ओढले जातात व पर्ससीन जाळ्याने ते एकदम वेढले जातात. किनाऱ्यावर रापण ओढणाऱ्यांच्या वाट्यास मग रिकामे जाळे येते. अशी नौका रात्री दुरूनही दिसत असल्याने तिच्याबाबत ड्रोन विशेष उपयोगी ठरावा.

तथापि ड्रोन नौका अडवू शकत नाही. बॅटरीवर चालणारा लहान ड्रोन साधारणतः अर्धा तासच उडतो. जोराचा वारा व पाऊस त्यास सोसत नाही, आणि खाऱ्या हवेने त्याचे भाग गंजतात. पक्ष्यांच्या विणीच्या खडकांवरून तो खाली उडविल्यास पक्षी घरटी सोडून उठतात. म्हणून गस्तीनौका सज्ज नसेल तर नुसती चित्रे घेऊन काही साधावयाचे नाही. अभयारण्यास आरंभी स्थानिक मच्छीमारांचा विरोध होता, हेही विसरता कामा नये. गळ टाकून पोट भरणाऱ्या होडीवरच ड्रोन घिरट्या घालू लागला, तर तो विरोध पुन्हा वाढेल.

बंदी असलेल्या क्षेत्रात दिवे किंवा मोठी जाळी आढळल्यास मच्छीमारांनी वेळ, दिशा व किनाऱ्यापासूनचे अंदाजी अंतर नजीकच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयास त्वरित कळवावे. उड्डाणाचा वेळ थोडा असल्याने ड्रोन कोठे पाठवावयाचा, हे अशा खबरीवरून ठरविणे सोयीचे होते.