अंतर कुणाच्या पायांनी मोजायचं?

वेशीबाहेरचं घर : भाग पाचवा

मागच्या भागात भाडं, हप्ता आणि पेट्रोल यांचा हिशेब मांडला होता. तो वाचून माझा पुतण्या रविवारी सकाळीच घरी आला. सोबत सूनबाई, चार वर्षांचा मुलगा आणि कडेवर वर्षाची मुलगी. पुतण्याची नोकरी सोलापुरात सात रस्त्याजवळ. मोबाईलच्या नकाशावर त्यानं सात रस्ता मध्यबिंदू धरून पंधरा किलोमीटरचं वर्तुळ काढलं होतं. "काका, यातलं एक गाव सांगा. आपल्याला कुठलंही चालतंय बघा."

'आपल्याला' म्हणजे त्याला. मोटारसायकलवर पंधरा किलोमीटर म्हणजे त्याची अर्ध्या तासाची गोष्ट. सूनबाई शाळेचे गणवेश शिवते. सोलापुरात हा मोठा धंदा आहे. कापलेलं कापड युनिटमधून आणायचं, घरी शिवायचं आणि दोन-तीन दिवसांनी तयार गठ्ठा पोचवायचा. तिला मोटारसायकल येत नाही. मी विचारलं, "हे वर्तुळ तुझ्या कचेरीभोवती आहे. हिच्याभोवती एक काढलंस का?" त्यानं मोबाईल उलटा ठेवला.

गाव निवडताना बहुतेक जण इथंच चुकतात. जो रोज बाहेर जाणार त्याच्या वाटेचं अंतर मोजलं जातं. जी दिवसभर गावात राहणार तिचं आणि पोरांचं अंतर कुणी मोजत नाही. बाहेर जाणाऱ्याला दोन वेळचा प्रवास असतो. घरी राहणारीला दूध, किराणा, बालवाडी, दवाखाना, कामाचा माल अशा दहा वाटा असतात आणि त्या बहुधा पायी, लेकरू कडेवर घेऊन चालायच्या असतात.

यासाठी बाहेरचं उदाहरण शोधायची गरज नाही. अक्कलकोट रस्त्यावर कुंभारी आहे. शहरातली कुटुंबं गावाकडे गेली तर काय होतं, हे कुंभारीइतकं मोठ्या प्रमाणावर महाराष्ट्रात क्वचितच कुठं बघायला मिळेल. माजी आमदार नरसय्या आडम, म्हणजे सगळ्यांचे आडम मास्तर, यांच्या पुढाकारानं तिथं विडी कामगार बायकांसाठी दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. तिला कॉम्रेड गोदूताई परुळेकर यांचं नाव आहे. १ सप्टेंबर २००६ रोजी तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते त्या घरांचं हस्तांतर झालं. त्याच कुंभारीत पुढं असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांचा रे नगर प्रकल्प आला. त्यातली पहिली पंधरा हजार घरं १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदींनी सुपूर्द केली. यंत्रमाग कामगार, विडी कामगार, कागद-काच वेचणारे, रिक्षावाले, शिलाई करणाऱ्या बाया, म्हणजे ज्यांच्या जिवावर सोलापूर चालतं ती ही माणसं. शहरात एका खोलीत आठ-आठ जण राहणाऱ्यांना पहिल्यांदा स्वतःच्या नावाचा उंबरा मिळाला. याचं मोल कमी लेखणाऱ्यानं एकदा पूर्व भागातल्या एखाद्या पत्र्याच्या खोलीत मे महिना काढून बघावा.

पण आपला विषय अंतराचा. विडी घरी वळली जाते. पान आणि तंबाखू आणायची, हजाराच्या हिशेबानं विड्या वळायच्या, मोजून द्यायच्या. अशा बाईच्या दृष्टीनं बारा-पंधरा किलोमीटर हे रिक्षाचं भाडं असतं आणि ते तिच्या हजारी मजुरीतून जातं. घर स्वस्त झालं की वाट महाग होते.

तरीही कुंभारीची वसाहत टिकली, कारण माणसं एकदम हजारांनी गेली. दहा हजार घरं, घरटी पाच माणसं धरली तरी पन्नास हजारांची वस्ती. एवढी माणसं जातात तेव्हा त्यांच्यामागे किराणावाला, पिठाची गिरणी, औषधाचं दुकान आणि वडापच्या गाड्या आपोआप येतात. शाळा-दवाखान्यासाठी मोर्चा काढता येतो. कारभाराचं कोडं मात्र राहतं. सोलापूर शहर २०११ च्या जनगणनेत साडेनऊ लाखांचं आणि त्याला महापालिका. इकडं गावाच्या वेशीत लहान शहराएवढी वस्ती आणि कायद्यानं ग्रामपंचायतीत सदस्य फार तर सतरा. कचरा, दिवे, गटारी सगळं त्या सतरा जणांच्या डोक्यावर.

तुमचं-आमचं एकटं कुटुंब जातं तेव्हा मागून कुणी येत नाही. गिरणी आपल्यासाठी सुरू होत नाही आणि एका घरासाठी वडापवाला फाट्यापासून आत वळत नाही. म्हणून एकट्या कुटुंबानं जिथं हे सगळं आधीच आहे तिथंच जावं. माझं मत विचाराल तर गावठाणाला चिकटून. रानात चुना टाकून आखलेले, कमान उभारून एखाद्या देवाचं नाव दिलेले प्लॉट दिसायला मोकळे असतात. पण कमानीखाली उभं राहून सर्वांत जवळचं दुकान शोधा, मग त्या मोकळेपणाचा अर्थ कळेल.

शहराची हद्द पुढं सरकेल आणि सोयी येतील, असं प्लॉटवाला सांगतो. सोलापूरकरांनी तरी यावर विश्वास ठेवू नये. १९९२ मध्ये बाळे, केगाव, शेळगी, दहिटणे, देगाव, मजरेवाडी, कुमठे, सोरेगाव ही गावं महापालिकेत आली. तीस वर्षं उलटली तरी आपण त्यांना 'हद्दवाढ भाग'च म्हणतो आणि तिथल्या रस्ते-ड्रेनेजच्या तक्रारी निवडणुकीच्या निवडणुकीला नव्यानं ऐकतो. शहर येईल तेव्हा येईल, पोरगं त्याआधी दहावीला बसेल.

आता दिशा. पुतण्याच्या वर्तुळात सगळ्या दिशा सारख्या दिसत होत्या. तशा त्या नाहीत, मधे सीना आहे. पुण्याच्या रस्त्यावर ती लांबोटीला आडवी येते, मंगळवेढ्याच्या रस्त्यावर तिऱ्ह्याला आणि विजयपूरच्या रस्त्यावर वडकबाळला. एरवी ही नदी आहे की नाही असा प्रश्न पडावा. पण सप्टेंबर २०२५ मध्ये तिला जो पूर आला त्यात लांबोटी आणि वडकबाळ इथं महामार्गांवरची वाहतूक थांबली. सीनेपलीकडच्या गावात राहणारा माणूस कचेरीत आणि बायको-पोरं घरी, मधे पाणी. असा दिवस दहा वर्षांतून एकदा येईल, पण त्या दिवशी आपण कुणाच्या बाजूला आहोत हे आज ठरतं. तुळजापूर, बार्शी, हैदराबाद आणि अक्कलकोट या रस्त्यांवर शहराजवळ सीना नाही.

उत्तरेला बार्शी रस्त्यावर नान्नज आहे. माळढोक अभयारण्यामुळे नाव गाजलं, आणि सोनाका द्राक्षाचं वाण देणारे नानासाहेब काळे याच गावचे. बागायत गाव असल्यानं हातात पैसा आणि बाजारात वर्दळ आहे. वीस-बावीस किलोमीटरचं अंतर मात्र आहे. तुळजापूर रस्त्याला तळे हिप्परगा आणि १८७१ मध्ये पुरा झालेला एकरुख तलाव. हवा चांगली, तलावाकाठी संध्याकाळ तर फारच चांगली, आणि एवढ्यावर भाळून लोक प्लॉट घेतात. होटगीकडे रेल्वेचं जंक्शन आहे, पण सिमेंटचे कारखानेही आहेत, ट्रकांची ये-जा असते. मुलं रस्त्याकडेला खेळणार असतील तर मी तो रस्ता सोडीन. अक्कलकोट रस्त्याला कुंभारीत अश्विनी ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, आणि रात्री लेकराला ताप भरला तर याच्याइतकी मोठी सोय दुसरी नाही. १०८ ची गाडी २०१४ पासून सगळीकडे आहे, पण ती यायची वाट बघत ओट्यावर उभं राहणं आणि पाच मिनिटांत दवाखान्याच्या दारात असणं यांत बरंच अंतर आहे.

पाण्याचं सोलापूरकराला वेगळं शिकवायला नको. उजनीतून शंभरावर किलोमीटर पाणी आणूनही शहरात नळ चार-पाच दिवसांआड येतो. पिंपं भरून ठेवणं आपल्या अंगवळणी पडलंय. त्यामुळे गावातलं पाणी आपल्याला चांगलंच वाटतं, आणि तिथं फसगत होते. पाऊस वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. ऑक्टोबरात प्लॉट बघायला गेलात तर विहीर काठोकाठ दिसते. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी उणे साठ टक्क्यांच्या आसपास गेली होती, म्हणजे मृतसाठाही जवळपास निम्मा संपला होता. अशा वर्षी त्या विहिरीचं काय झालं, हे विचारायचं. जलजीवन मिशनचा नळ दारात आहे का, हा प्रश्न पुरेसा नाही. माणशी रोज ५५ लिटर हे त्या योजनेचं माप आहे. मे महिन्यात नळ किती दिवसांनी येतो, किती वेळ चालतो आणि कुणाच्या गल्लीत शेवटी पोचतो, हे पाणी सोडणाऱ्या माणसाला विचारावं. सरपंचाला विचारू नये.

विजेचा प्रश्न तर शहरातून आलेल्याच्या डोक्यातही येत नाही. खांब दिसला की वीज आहे असं आपण धरतो. पण तो खांब गावठाण फीडरचा की शेतीच्या फीडरचा? शेतीच्या फीडरवर मोटारींसाठी थ्री फेज साधारण आठ तास मिळते, तीही पाळीनं, कधी दिवसा तर कधी रात्री. बाकीच्या वेळी वस्तीवर सिंगल फेज, त्यात दाब कमी आणि पंखा नावाला फिरतो. सूनबाईच्या मशीनला मोटार आहे. गठ्ठा वेळेत गेला नाही तर पुढचं काम दुसरीला मिळतं. हे ऐकल्यावर पुतण्यानं रानातले तीन प्लॉट स्वतःहून यादीतून काढले.

शाळेबद्दल. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत हवी. तेवढं बहुतेक गावांत असतं. पुढचा सगळा खेळ शिक्षकाचा. माढा तालुक्यातल्या परितेवाडीची जिल्हा परिषद शाळा रणजितसिंह डिसले यांच्यामुळे जगाला कळली, २०२० चा ग्लोबल टीचर प्राइज त्यांना मिळाला. पण शिक्षकांच्या बदल्या होतात. तेव्हा आजचे गुरुजी बघून पोराची दहा वर्षं ठरवू नका. शाळेची पटसंख्या वाढतेय की घटतेय ते बघा. घटत असेल तर गावातलेच लोक मुलं पिवळ्या बसमध्ये घालून शहराकडे पाठवताहेत, आणि त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत आहे.

भाषेचंही आहे. शहरात पूर्व भागात तेलुगू, बाकी मराठी आणि बाजारात सगळ्यांची मिसळ. दक्षिण सोलापूर-अक्कलकोटकडे सरकलं की घराघरात कन्नड. जिल्हा परिषदेच्या कन्नड माध्यमाच्या शाळाही आहेत. पुतण्या म्हणाला, "पोराला मित्र कसे मिळणार?" पोराची काळजी करू नको म्हटलं, ते महिन्यात कन्नडमध्ये भांडायला लागेल.

जमिनीच्या कागदांवर पुढचा भाग आहे, म्हणून इथं दोनच गोष्टी. तुकडेबंदी कायदा १९४७ चा. आपल्याकडे आता बागायतीला दहा आणि जिरायतीला वीस गुंठे हे प्रमाणभूत क्षेत्र आहे. त्याहून लहान तुकडा नोटरी करून घेऊ नका, सवलतींच्या बातम्या कितीही वाचल्या तरी. आणि ग्रामपंचायतीचा नमुना आठ हा घरपट्टीसाठी असतो, मालकीसाठी नाही. तो दाखवून कुणी 'सगळं क्लिअर आहे' म्हणाला तर चहा पिऊन उठा.

घर विकत घेण्याआधी भाड्यानं एक उन्हाळा काढायचा, एवढं शेवटी ठरलं. त्यासाठी तीन रविवार आम्ही अक्कलकोट रस्त्यावरची गावं पालथी घातली. पुतण्या सगळ्यांना विचारत होता आणि लोक 'सगळं आहे की साहेब' म्हणत होते. तिसऱ्या रविवारी सकाळी आठाच्या सुमाराला एका गावात किराणा दुकानासमोर एक बाई बाजेवर कुरडया वाळत घालत बसल्या होत्या. त्यांनी सूनबाईकडे बघून विचारलं, "तुम्ही कुणाच्यातले?" पुतण्यानं कचेरीचं नाव सांगितलं. बाई म्हणाल्या, "ते नव्हं, पोरीचं माहेर कुठलं?" सूनबाईनं आजोळचं नाव सांगितलं. अक्कलकोट तालुक्यातलं खेडं. बाईंचा चेहरा बदलला. "याव ऊर?" त्यांनी पुन्हा विचारलं, आणि लहानपणी सुट्टीत बोललेलं कन्नड सूनबाईच्या तोंडून अडखळत बाहेर पडलं.

पुढची वीस मिनिटं आम्हा दोघा पुरुषांना काही कळलं नाही. पोरगं एक ओली कुरडई खाऊन मोकळं झालं. गाडीत बसल्यावर सूनबाईनं एकेक सांगितलं. नळ तीन दिवसांआड, पहाटे पाचला. वरच्या गल्लीत घर घेऊ नका, तिथं पाणी चढत नाही. बालवाडी देवळामागं. डॉक्टर फक्त संध्याकाळी असतो. दोन बाया सोलापूरहून शिलाईचा माल आणतात, रिक्षा वाटून घेतात, तिसरी असली तर त्यांनाही बरं. आणि पांढऱ्या रंगाचं जे रिकामं घर आम्ही पसंत केलं होतं ते नको, त्याची वीज रानातल्या खांबावरून आहे.