छातीतली गाठ आणि आमचे पोस्टर

गेल्या वर्षी राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आरोग्याचे पोस्टर रंगवण्याचे काम माझ्याकडे आले. ‘दर महिन्याला स्तन स्वतः तपासा, कर्करोग टाळा’ असे मी ठळक अक्षरांत लिहिले. (तिसरा शब्द लिहिताना हात अडखळला, हे कबूल करते.) ते वाचून गावातल्या एका काकूंनी विचारले, “तपासल्यानं रोग टळतो कसा गो?” मला उत्तर देता आले नाही.

पुढे वाचू लागले तेव्हा कळले की काकूंची शंका रास्त होती. शांघायमधील कापड गिरण्यांत काम करणाऱ्या सुमारे २ लाख ६६ हजार स्त्रियांवर मोठा प्रयोग झाला. निम्म्यांना स्वपरीक्षण शिकवले, निम्म्यांना नाही. २००२ साली निष्कर्ष आले. दोन्ही गटांत या रोगाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण जवळजवळ सारखेच! शिकलेल्या गटात निरुपद्रवी गाठी मात्र अधिक सापडल्या. म्हणजे घोर वाढला, तुकडा काढून तपासणे वाढले.

मग सारेच व्यर्थ? तसेही नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईतल्या वस्त्यांमधील ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रियांचा वीस वर्षे मागोवा घेतला. एका गटातील स्त्रियांना दर दोन वर्षांनी, अशा चार वेळा, आरोग्यसेविकांनी हाताने तपासले. या सेविका डॉक्टर नव्हत्या. दहावी शिकलेल्या, पण नीट प्रशिक्षण घेतलेल्या होत्या. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार रोग तिसऱ्या-चौथ्या अवस्थेत सापडण्याचे प्रमाण तपासलेल्या गटात ३७ टक्के, तर दुसऱ्या गटात ४७ टक्के होते. पन्नाशी गाठलेल्या स्त्रियांत मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. त्याहून तरुण स्त्रियांत मात्र घट दिसली नाही. थोडक्यात, शिकलेल्या हाताचा उपयोग होतो, पण सर्वांना सारखा नाही. हे पोस्टरवर कसे मावणार?

माझ्या आजीच्या बहिणीला आंघोळ करताना गाठ लागली होती. दुखत नव्हती, म्हणून तिने वर्षभर कोणाला सांगितले नाही. तिला तपासणे शिकवायची गरज नव्हती. सांगायचे कोणाला, याचीच तिला लाज होती. कर्करोगाची गाठ पुष्कळदा दुखत नाही, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते.

यंदा नवे पोस्टर केले : ‘बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. तरी स्तनात वा काखेत गाठ, कातडीला खळगी, स्तनाग्रातून रक्त दिसल्यास, दुखत नसले तरी, लगेच डॉक्टरांना दाखवा.’ सर म्हणाले, मजकूर फार झाला. मी अक्षरे बारीक केली, पण एकही शब्द गाळला नाही.