बैलाचा खांदा आणि पोहणाऱ्या पोराचा खांदा



उसाच्या पानावर हे पोहण्याचे काय काढले, असे काहींना वाटेल. कारण असे की, लागणीच्या नोंदी घ्यायला शेतावर गेले की अलीकडे उसाबरोबर पोरांचाही विषय निघतो. आपल्या कार्यक्षेत्रातली पोरे विहिरीत, नाही तर मन्याडच्या डोहात पोहायला शिकतात. पाठीला भोपळा नाही तर रिकामा डबा बांधला की झाली शाळा. दम दिसला तर गुरुजी तालुक्याच्या, जिल्ह्याच्या स्पर्धेला नेतात, आणि एखादे पोर नांदेडला राहून तलावावर रोजचा सराव करू लागते. मागे एका सभासदाने बांधावरच विचारले, "साहेब, लेकराचा खांदा रात्री ठणकतो. हात वर केला की कळ येते. शिकवणारे म्हणतात, पवत राहा, मोकळा होईल. खरं का?"

खरे नाही. असा खांदा मोकळा होत नाही, जास्तच धरतो.

मी डॉक्टर नाही, शेतीच्या पदविकेचा माणूस. पण ही गोष्ट आपल्याला बैलावरून चांगली कळते. जू लागून खांदा सुजला तर शहाणा शेतकरी बैल औताला जुंपीत नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी आपण उगीच करीत नाही. आणि नुसता आराम देऊनही भागत नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. जू एका अंगाला कललेले असेल, तर आठ दिवसांनी जुंपल्यावर खांदा पुन्हा सुजणारच. तेव्हा आधी जू पाहायचे. पोहणाऱ्याचे जू म्हणजे त्याची हात मारण्याची पद्धत आणि रोजचे अंतर.

थोडा हिशेब करू. २५ मीटरच्या तलावात पोर रोज ४ किलोमीटर पोहते, म्हणजे १६० फेऱ्या झाल्या. एका फेरीला दोन्ही हात मिळून १८ वेळा मारले असे धरले, तर एकेका खांद्याचे रोजचे १४४० हात होतात. आठवड्याचे सहा दिवस धरले तर साडेआठ हजारांच्या वर. कोयत्याचा मजूरसुद्धा ऊस तोडताना हात दर वेळी डोक्यावर नेत नाही, पोहणाऱ्याला न्यावाच लागतो. खांद्याचा सांधा म्हणजे उथळ वाटीत बसलेला गोळा. त्याला जागेवर धरायला चार लहान स्नायू आहेत. हात वर गेला की त्यांच्या कंडरा वरच्या हाडाखालच्या अरुंद जागेतून सरकतात. स्नायू थकले की गोळा जागेवर नीट राहत नाही, कंडरा दुखावतात आणि कळ येऊ लागते. म्हणजे ही दुखापत एका फटक्यात होत नाही, हजार हातांनी थोडी थोडी होते. म्हणूनच घरात तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही.

आता जू कुठे कलते ते पाहा. हात पाण्यात घालताना डोक्याच्या पलीकडे, दुसऱ्या अंगाला जातो. अंगठा खाली करून हात खुपसला जातो. श्वास कायम एकाच बाजूने घेतला जातो. हाताला प्लास्टिकच्या पट्ट्या, ज्यांना पॅडल म्हणतात, त्या कोवळ्या वयातच बांधल्या जातात. आणि सर्वांत वाईट म्हणजे परीक्षेच्या सुट्टीत महिनाभर काही नाही, मग स्पर्धा आली की एकदम दुप्पट अंतर. नव्या गोऱ्ह्याला पहिल्याच दिवशी आपण दिवसभर नांगराला धरतो का?

खांद्याला बळकटी आणायला पैसे लागत नाहीत. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून खांबाला बांधावी. कोपर बरगडीला चिकटवून, काटकोनात ठेवून, पट्टी हळूहळू बाहेर ओढावी. पंधरा वेळा, दोन-तीन खेपा, आठवड्यातून तीन दिवस. मग मोटेचा नाडा ओढल्यासारखे दोन्ही हात मागे ओढावेत. पाण्यात उतरण्याआधी दहा मिनिटे अंग गरम करावे, हे सांगूनही पोरे ऐकत नाहीत, तरी सांगत राहावे. बेडकासारखे पाय मारणाऱ्यांचा गुडघा आतल्या अंगाने दुखतो, तिथेही पायाची पद्धत आणि अंतर हेच आधी तपासावे.

दुखू लागलेच तर हात मारणे थांबवावे. पाणी अगदी सोडायची गरज नसते, हात अंगाशी ठेवून पायांचा सराव करता येतो. पुढे फळी धरून मात्र नको, कारण तिने खांदा वरच राहतो. बर्फ फडक्यात गुंडाळून लावावा. गोळी खाऊन पोहणे म्हणजे सुजल्या खांद्यावर झूल टाकून बैल जुंपणे. आणि खांदेमळणी बैलालाच राहू द्या, सुजलेल्या कंडरेला रगडून घेण्यात फायदा नाही. रात्री ठणका असेल, हात उचलताना ताकद कमी वाटत असेल, किंवा दोन आठवड्यांत उतार पडत नसेल, तर हाडाच्या डॉक्टरांनाच दाखवावे. परत सुरुवात करताना पूर्वीच्या पाव अंतराने करावी, दर आठवड्याला थोडे वाढवावे, कळ आली की एक पायरी मागे यावे. एक स्पर्धा गेली तरी चालेल. खांदा गेला तर पुढच्या सगळ्या जातात.

धीराने किती होते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर लष्करात होते, मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांचे कमरेखालचे अंग निकामी झाले. उपचाराचा भाग म्हणून त्यांना पोहायला लावले गेले. १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये त्यांनी ५० मीटरचे अंतर ३७.३३ सेकंदांत तोडून सुवर्णपदक घेतले. भारताचे ते पॅरालिंपिकमधील पहिले सुवर्ण. त्या साली आपल्याकडे माणसे दुष्काळी कामावर खडी फोडीत होती, ती बातमी कोणाच्या कानी पडणार! २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, आणि २०२४ साली त्यांच्यावर हिंदी चित्रपट आला तेव्हा कुठे पोरांना नाव कळले.

पेटकरांना गोळी लागली होती. आपल्याकडे मात्र तेच अंग उडीने निकामी होऊ शकते. उन्हाळ्यात विहिरीचे पाणी खाली जाते, तळाचा खडक वर येतो, आणि पोर मागच्या पावसाळ्यातले पाणी डोक्यात धरून काठावरून सूर मारते. मान मोडली तर हातपाय कायमचे जातात. मोटार चालवायला विहिरीवर जाणाऱ्या प्रत्येकाने पाणी किती उतरले हे पोरांना सांगावे, आणि अनोळखी पाण्यात डोक्यावर उडी घेऊच देऊ नये. असे झालेच, तर हाताला धरून ओढू नये, बसवू नये. पाण्यातच उताणे ठेवावे, तोंड पाण्यावर राहील असे पाहावे. दोघांनी डोके व मान धडाच्या सरळ रेषेत धरावी, खाली रुंद फळी सरकवावी आणि तशीच बाजेला बांधून वर घ्यावी. श्वास चालत नसेल तर मात्र फळीची वाट न पाहता, मान जमेल तितकी सरळ धरून आधी बाहेर काढून श्वास द्यावा. १०८ ला फोन करणारा माणूस पहिल्या मिनिटालाच रस्त्याकडे पाठवावा, कारण आखाड्याची वाट गाडीवाल्याला सापडत नाही.