बिघाड मूत्रपिंडात, कारखाना आतड्यात

माझी थोरली बहीण आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जायची, तेव्हा कुणीतरी तिला कॅप्सूलची एक डबी आणून दिली. यात चांगले जिवाणू आहेत, क्रिएटिनिन उतरतं, असं सांगून. महिन्याचा खर्च तिच्या निम्म्या पेन्शनइतका. “तू एवढं वाचतोस, मग सांग, घेऊ का?” ताईनं विचारलं. मी डॉक्टर नव्हे. नोकरीतून उरलेल्या वेळात शोधनिबंध धुंडाळणारा माणूस. नीट उत्तर द्यायला मला जवळजवळ वर्ष लागलं.

मूत्रपिंडाच्या दुखण्यात आतड्याचा संबंध काय, हेच आधी कळेना. खाल्लेल्या प्रथिनांचा काही भाग न पचता मोठ्या आतड्यात उतरतो. तिथले जिवाणू त्यातल्या ट्रिप्टोफॅनपासून इंडोल आणि टायरोसिनपासून पी-क्रेसॉल तयार करतात. पुढे शरीरात त्यांचं इंडॉक्सिल सल्फेट आणि पी-क्रेसिल सल्फेट होतं. निरोगी मूत्रपिंड ही घाण लघवीतून निमूट बाहेर टाकतं. थकलेल्याला ते जमत नाही. आणि डायलिसिसलाही धड जमत नाही, कारण ही द्रव्यं रक्तातल्या अल्ब्युमिनला चिकटून बसतात. ताईच्या रिपोर्टात युरिया उतरलेला दिसायचा. या दोघांचं नावही त्या कागदावर नसायचं.

२०११ साली अमेरिकेतून प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मी तीनदा वाचला. डायलिसिसवरच्या रुग्णांतले काही असे होते, की त्यांचं मोठं आतडं पूर्वीच शस्त्रक्रियेनं काढलेलं होतं. मूत्रपिंडं सगळ्यांचीच निकामी. पण आतडं नसलेल्यांच्या रक्तात ही दोन द्रव्यं जवळजवळ नव्हतीच. मूठभर रुग्ण, पण कारखान्याचा पत्ता पक्का झाला.

मग कारखान्याचा माल तिथेच अडवला तर? जपानमध्ये १९९१ पासून त्यासाठी औषध आहे : कार्बनचे बारीक गोळे. ते आतड्यातच इंडोल शोषून घेतात आणि शौचावाटे निघून जातात. २०१५ साली तेरा देशांतल्या २,०३५ रुग्णांवरच्या चाचण्यांचे निष्कर्ष आले. मूत्रपिंडाची घसरण या औषधानं थांबली, असं त्यांत सिद्ध झालं नाही. तर्क कितीही सरळ असला, तरी शरीर तो मानेलच असं नाही.

जिवाणूंच्या कॅप्सूलची गत याहून बरी नाही. ऑस्ट्रेलियात २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ३७ रुग्णांना सहा आठवडे जिवाणू आणि त्यांचं खाद्य एकत्र दिलं. पी-क्रेसिल सल्फेट उतरलं, इंडॉक्सिल सल्फेट लक्षणीय उतरलं नाही, आणि लघवीतून जाणारं अल्ब्युमिन उलट थोडं वाढलं. जाहिरातीत यातलं पहिलंच वाक्य येतं.

मला जास्त पटली ती दुसरी वाट : बाहेरून पाहुणे आणण्यापेक्षा घरच्यांना नीट जेवू घालणं. चोथा मिळाला की जिवाणू प्रथिनं कुजवण्याऐवजी त्यावर गुजराण करतात. २०१४ च्या एका अभ्यासात डायलिसिसच्या रुग्णांना सहा आठवडे न पचणारा स्टार्च दिला, तेव्हा रक्तातलं मोकळं इंडॉक्सिल सल्फेट कमी झालं. त्याआधी १९९६ साली, कमी प्रथिनांच्या आहारावरच्या रुग्णांना रोज ५० ग्रॅम अरबी डिंक दिल्यावर रक्तातला युरिया उतरला होता. नायट्रोजन शौचावाटे जास्त जाऊ लागला.

डिंक म्हटल्यावर ताईचे डोळे लकाकले. “म्हणजे लाडू चालतील?” चालणार नव्हते. खारीक, खोबरं, सुकामेवा म्हणजे पोटॅशियम आणि फॉस्फरसची रासच. खरी अडचण इथेच आहे. पोटॅशियमच्या भीतीनं भाज्या, फळं, डाळी ताटातून जातात आणि त्यांच्याबरोबर चोथाही जातो. मग बद्धकोष्ठ, मग आतड्यातली कुजण वाढते. आहारपत्रकात ‘हे खाऊ नका’ अशी लांबलचक यादी होती. चोथ्याबद्दल एक ओळ नव्हती.

मी ताईला म्हटलं, “डबीनं फायदा होतो असं कुणी अजून दाखवलेलं नाही. पैसे राहू देत.” पुढच्या खेपेला आम्ही आहारतज्ज्ञ बाईंना एवढंच विचारलं, की पोटॅशियम न वाढवता चोथा कसा वाढवता येईल. त्यांनी पेन काढलं आणि यादीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला सुरुवात केली : दुधी, चिरून, भरपूर पाण्यात उकळून, पाणी टाकून देऊन.