अपशिंगे मिलिटरी: गावच्या नावातच फौज

साताऱ्याजवळच्या या गावाच्या नावापुढे ‘मिलिटरी’ लागतं. पहिल्या महायुद्धात इथले ४६ जवान कामी आले, त्यांचं स्मारक गावात आहे. आजही घराघरांतून पोरं भरती होतात.

मला भावतं ते इथलं देणं-घेणं. जवान सीमेवर असतो तेव्हा पेरणी, म्हाताऱ्यांचं औषधपाणी भावकी आणि शेजार बघतो. आणि बहुतेक जवान ऐन उमेदीत निवृत्त होतात, त्यामुळे साताऱ्याकडच्या गावांत पहाटे पोरांना भरतीसाठी पळवणारा बहुधा एखादा माजी सुभेदार किंवा हवालदार असतो. ही शिस्त विकत मिळत नाही!

सरकारी आधारही आहे, पण तो अनेक घरांपर्यंत पोचतच नाही. माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवांना राज्यात एका घराची घरपट्टी माफ आहे. ही योजना २०२० ची. त्यासाठी ग्रामपंचायतीत किंवा पालिकेत अर्ज करावा लागतो. सैनिकांच्या मुलांसाठीच्या वसतिगृहाची चौकशी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात करा.

७ डिसेंबरचा सशस्त्र सेना ध्वजदिन १९४९ पासून पाळला जातो. ध्वजदिन निधीतून शहिदांच्या कुटुंबांना आणि माजी सैनिकांना मदत होते. जमेल तेवढं द्या, आणि शेजारच्या वीरपत्नीला घरपट्टीचा अर्ज भरून द्या.