पावाचं वजन, वाईनचं माप

रोम आणि नेपल्सच्या दरम्यान, कसिनो गावामागच्या डोंगरमाथ्यावर बेनेडिक्टपंथी संन्याशांचा मठ आहे. नुर्सियाच्या बेनेडिक्टने तो इ.स. 529च्या सुमारास स्थापला. पुढे तो चारदा उद्ध्वस्त झाला: सहाव्या शतकात लोंबार्डांकडून, 883मध्ये अरब हल्लेखोरांकडून, 1349च्या भूकंपात आणि 15 फेब्रुवारी 1944 रोजी दोस्त राष्ट्रांच्या बॉम्बफेकीत. चौथ्या भारतीय डिव्हिजनचे जवान तेव्हा याच डोंगरावर लढत होते. आजची वास्तू महायुद्धानंतर उभी राहिली. मग हा मठ पंधराशे वर्षांचा म्हणायचा तो कशाच्या आधारावर? लोंबार्डांच्या हल्ल्यातून निसटलेल्या संन्याशांनी बरोबर काय नेलं, हे याच मठात राहिलेल्या पॉल द डीकनने आठव्या शतकात लिहून ठेवलं आहे: नियमांची पोथी, काही लेखन, पावाचं वजन आणि वाईनचं माप.

ही यादी मला फार बोलकी वाटते. बेनेडिक्टच्या 73 प्रकरणांच्या नियमावलीत ईश्वरचिंतनाइतकंच रोजचं जगणं बारकाईने आखलेलं आहे. रात्र सरण्याआधी उठायचं, आठवड्याभरात दीडशेही स्तोत्रं म्हणून पूर्ण करायची, ठरल्या वेळी शेतात किंवा कामावर, ठरल्या वेळी वाचनाला. माणशी रोज एक रोमन पौंड पाव. स्वयंपाकाची पाळी आठवड्याने बदलते. जेवताना सगळे गप्प आणि एकजण मोठ्याने वाचतो. महत्त्वाचा निर्णय घेताना मठाधिपतीने सगळ्यांना बोलवावं, कारण देव पुष्कळदा सर्वांत लहानाला योग्य ते सुचवतो, असंही त्यात आहे. हे सगळं पोथी, तराजू आणि माणसं असतील तिथे पुन्हा सुरू करता येतं. त्याला डोंगर लागत नाही.

मठ टिकला तो जमिनी आणि राजाश्रयामुळे, असा आक्षेप घेता येईल. त्या दौलतीशिवाय भव्य चर्च आणि ग्रंथालय उभं राहिलं नसतं, हे खरंच. पण तीच दौलत लुटारूंना बोलावत होती, आणि 1866च्या कायद्यानंतर इटालियन सरकारने ती ताब्यात घेतली तेव्हाही संन्यासी वास्तूचे रखवालदार म्हणून तिथेच राहिले, प्रार्थना चालूच राहिली. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: नियम कागदावरच राहिले, अनेक मठ सुखासीन झाले. झाले, यात शंका नाही. मात्र ही तक्रार सर्वांत तीव्रपणे केली ती याच नियमाने बांधलेल्या लोकांनी. 1098मध्ये फ्रान्समध्ये सितो इथे वेगळे झालेल्या संन्याशांनी नवी पोथी लिहिली नाही; ते स्वतःच्या हातांनी शेतात राबू लागले, कारण जुन्या पोथीत तसं सांगितलेलं होतं.