भिलाईहून मुंबई किती दूर?

२ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएट रशिया यांच्यात पोलाद कारखान्याचा करार झाला आणि दुर्गजवळचे भिलाई हे नाव देशभर परिचित झाले. मुंबई-नागपूर-हावडा लोहमार्ग तेथून आधीच जात होता. पुढे कारखान्यात नोकरीसाठी ठिकठिकाणची माणसे आली. त्यांत मराठी कुटुंबेही होती.

अशाच एखाद्या घरी रात्री फोन येतो : मुंबईत आई अत्यवस्थ आहे. नकाशावर पट्टी ठेवली, तर भिलाई ते मुंबई सरळ अंतर सुमारे ९२० किलोमीटर भरते. जेट विमान ताशी ८०० किलोमीटर जाते असे धरले, तर सव्वा तासही लागू नये. परंतु हा भागाकार प्रवाशाच्या फारसा उपयोगी पडत नाही.

पहिली अडचण अशी, की भिलाईहून नियमित प्रवासी विमान सुटत नाही. नंदिनी येथे कारखान्याची धावपट्टी आहे. पण तिकीट काढून तेथून मुंबई गाठता येत नाही. त्यासाठी रायपूरच्या पलीकडे, माना येथील विमानतळावर जावे लागते. म्हणजे मुंबईला निघालेल्या माणसाने आधी मुंबईकडे पाठ करून पूर्वेला सुमारे ४५ किलोमीटर जायचे आणि मग विमानात बसून जवळजवळ आपल्याच गावावरून परत पश्चिमेला यायचे!

रायपूर-मुंबई हवाई अंतर सुमारे ९५० किलोमीटर आहे. तरीही वेळापत्रकात पावणेदोन-दोन तास दिलेले असतात. विमान जागेवरून हलल्यापासून मुंबईत जागेवर उभे राहीपर्यंतचा सारा वेळ त्यांत धरतात. धावपट्टीपर्यंतची संथ चाल, वर चढणे, ठरलेल्या हवाई मार्गांची वळणे आणि मुंबईच्या गजबजलेल्या आकाशात उतरण्यासाठी थांबणे, हे सर्व त्यांत आले.

शिवाय वारा असतो. हिवाळ्यात दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून जोराचे वारे वाहतात आणि मुंबईकडे येणाऱ्या विमानाला ते समोरून भेटतात. पावसाळ्यात द्वीपकल्पावर वरच्या थरांत उलट, पूर्वेकडून प्रवाह असतो, हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम् यांनी १९५८ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. पृथ्वी पूर्वेकडे फिरते, तेव्हा पश्चिमेला जाणारे विमान लवकर पोहोचत असेल, अशी एक समजूत आढळते. ती चुकीची आहे. वातावरणही पृथ्वीबरोबरच फिरत असते.

विमानतळापर्यंतचा रस्ता, आधी दोन तास पोहोचणे, मुंबईतील वाहनांची गर्दी, सारे मिळवले की घराच्या उंबरठ्यापासून रुग्णालयाच्या दारापर्यंत सहा-सात तास होतात. आगगाडीला अठरा-वीस तास लागतात. तरीसुद्धा रात्री नऊला फोन आला आणि दुसऱ्या दिवशी सायंकाळच्या विमानातच जागा मिळत असली, तर रात्रीची गाडी धरणारा मुलगा आईजवळ आधी पोहोचतो.